अमावस्या धरून भंडारदरा: आमचं पहिलं आकाशदर्शन

सहल म्हटली की आधी ठिकाण ठरतं, मग सुट्ट्या जुळवल्या जातात. या वेळी आम्ही आधी कालनिर्णय उघडलं आणि पौष अमावस्या शोधली: १८ जानेवारी २०२६, वार रविवार. म्हणजे शुक्रवार आणि शनिवार, दोन्ही रात्री चंद्र जवळपास नाहीच, शिवाय सुट्टीही आयती. असा योग वर्षातून फार वेळा येत नाही. ठिकाण त्यानंतर ठरलं.

ठाण्यातल्या आमच्या गच्चीवरून गुरू, व्याध आणि मृगाचे चार-सहा ठळक तारे दिसतात. लेक सहावीत आहे. पुस्तकात तिने आकाशगंगेचं चित्र पाहिलंय, वर मान करून कधी पाहिलेली नाही. आणि माझे सासरे, बाबा, माण तालुक्यातल्या गावात वाढले. त्यांच्या लहानपणी गावात वीज नव्हती. मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा ही पावसाची नक्षत्रं त्यांना आजही तारखांसकट पाठ आहेत. या दोघांना एकाच रात्री एकाच सतरंजीवर झोपवायचं, एवढा माझा हेतू होता.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना सोपा मार्ग म्हणजे जाणत्या मंडळींबरोबर जाणं. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे, आणि मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम करतं. नवऱ्याने कॉलेजात असताना वांगणीला अशी रात्र काढली होती. तेवढ्या शिदोरीवर आम्ही स्वतंत्र जायचं ठरवलं. नागपूरकरांसाठी तर पेंच आहे. २०२४ च्या जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. आम्हाला मात्र दुपारी निघून दिवेलागणीला पोहोचता येईल असं ठिकाण हवं होतं.

भंडारदरा निवडलं ते दोन कारणांनी. मुंबई-कल्याणचा उजेड पश्चिमेला राहतो आणि मध्ये सह्याद्रीची भिंत येते, त्यामुळे तो बऱ्यापैकी अडतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. धरणाच्या जलाशयाच्या उत्तर काठावर, म्हणजे मुरशेत-पांजऱ्याच्या बाजूला राहिलं तर समोर दक्षिणेला नुसतं पाणी आणि पलीकडे रतनगडाची रांग. हिवाळ्यात बघण्यासारखं बरंच काही दक्षिणेलाच असतं. तुम्ही कुठेही जा, नकाशा उघडून एवढं जरूर बघा की मोठं गाव तुमच्या पाठीशी येतंय की समोर.

सामान फार नव्हतं. १०×५० ची (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) दुर्बीण म्हणजे बायनॉक्युलर, जाड सतरंज्या, कानटोप्या, थर्मास आणि लाल जिलेटीनचा कागद रबराने बांधलेल्या दोन टॉर्च. आकाशाचा नकाशा दाखवणारं अॅप घरीच उतरवून घेतलं, कारण घाटघरच्या बाजूला, म्हणजे जलाशयाच्या पश्चिम टोकाकडे, रेंजचा भरवसा नाही. टेलिस्कोप घ्यायचा का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. पहिल्या सहलीला मुळीच घेऊ नका. तारे ओळखता येत नसतील तर टेलिस्कोप लावणार कशावर? आधी डोळे, मग बायनॉक्युलर, आणि नक्षत्रं पाठ झाली की पुढचं.

शुक्रवार, १६ जानेवारी

दुपारी निघालो. कसारा घाट, इगतपुरी, घोटी. पेट्रोल घोटीला भरून घ्यावं, पुढे पंप विरळ आहेत. घोटी सोडल्यावर डावीकडे-उजवीकडे भाताची रिकामी खाचरं सुरू झाली आणि बारीच्या अलीकडे कळसूबाई दिसायला लागली. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक. लेकीने माथ्यावरचं देऊळ बायनॉक्युलरमधून शोधलं, तीच तिची दुर्बिणीची पहिली तालीम.

शेंडीच्या पुढे वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडली. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. डावीकडे जलाशय लागला आणि सूर्य घाटघरच्या बाजूला खाली गेला.

आमचे यजमान पस्तिशीचे. घराला लागून दोन खोल्या, खाली पाण्याच्या कडेला चार तंबू. त्यांची आई चुलीपुढे बसलेली, तिला सगळेच आजी म्हणत होते. संक्रांत नुकतीच बुधवारी झाली होती, म्हणून मी गूळपोळ्या नेल्या होत्या. आजींनी त्या डब्यातून काढून चुलीच्या कडेला ठेवल्या, ऊब लागेल अशा, आणि आमच्या हातावर तिळगूळ ठेवला.

जेवण साधं आणि मनापासून केलेलं. नाचणीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, वर कांदा फोडून. बाबांनी दोन भाकरी खाल्ल्या, घरी अर्ध्यावर हात धुतात.

जेवून बाहेर आलो आणि आकाश काही दिसेना. ढग नव्हते. तंबूंच्या मधोमध बांबूला एलईडीचा फोकस लावलेला होता, थेट डोळ्यांवर. शेजारच्या कॅम्पवर तसेच चार-पाच दिवे आणि मोठ्या आवाजात गाणी. पाण्याच्या पलीकडचा डोंगरसुद्धा त्या उजेडात फिका दिसत होता.

मी यजमानांना विचारलं, हा दिवा बंद करता येईल का? ते म्हणाले, "ताई, करतो की. पण पाव्हणं अंधाराला भितात, म्हणून लावावा लागतो."

बाबांनी विचारलं, "आणि काजव्यांच्या दिवसांत?"

"तेव्हा बंदच असतो, काका. उजेड असला तर काजवे दिसत न्हाईत. आमीच पाव्हण्यांना सांगतो, मोबाईल खिशात ठेवा."

भंडारदऱ्याला पावसाच्या तोंडावर काजवे बघायला हजारो माणसं येतात. म्हणजे अंधाराला किंमत असते हे या काठावरच्या माणसांना आपल्याआधी कळलेलं आहे. बाबा एवढंच म्हणाले, "मग हे वरचे काजवे समजा." यजमान हसले आणि जाऊन बटण बंद करून आले.

शेजारची गाणी अकराच्या सुमारास थांबली. दिवे मात्र तसेच. तरीही आमच्या डोळ्यांना अंधार सरावत गेला तसं दिसू लागलं. याला वीस ते तीस मिनिटं लागतात. डोळ्यात मंद उजेड टिपणाऱ्या पेशींना तेवढा वेळ द्यावाच लागतो, आणि मध्येच कुणी मोबाईलचा पांढरा पडदा उघडला की सगळं पहिल्यापासून. लाल उजेडाने हे नुकसान होत नाही, म्हणून ते जिलेटीन. आमच्यात ठरलं होतं की फोन खोलीत राहतील. अॅप लागलंच तर नवरा ब्राइटनेस तळाला नेऊन, लाल पडदा करून, अंगावरच्या शालीत डोकं घालून बघेल.

त्या रात्री आम्ही फक्त मृग नक्षत्र पाहिलं, पण नीट पाहिलं. ओळीतले तीन तारे दिसताच बाबा म्हणाले, "तिकांडं." आमच्या लेकीने तो शब्द पहिल्यांदाच ऐकला. मग त्यांनी तिला हरणाचे चार पाय, पोटात घुसलेला बाण आणि खाली डावीकडे शिकारी व्याध असं सगळं दाखवलं. व्याध लखलखत होता, कधी निळा, कधी हिरवट. तो आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा.

लेकीने विचारलं, "आजोबा, मृग तर जूनमध्ये लागतो ना? मग आत्ता कसा दिसतोय?"

बाबा गप्प झाले. साठ वर्षं मृगाच्या तारखेवर पेरणीचा हिशेब करणाऱ्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. नवऱ्याने जमिनीवर टॉर्च ठेवली, ती सूर्य. लेकीला पृथ्वी केलं आणि टॉर्चभोवती फिरवलं. जूनच्या ७-८ तारखेला सूर्य मृगात जातो, म्हणजे मृगाचे तारे सूर्याच्या मागे, दिवसाच्या उजेडात. तेव्हा ते रात्री दिसणारच नाहीत. सहा महिन्यांनी पृथ्वी पलीकडे गेली की तेच तारे रात्रभर डोक्यावर. बाबांनी टॉर्चभोवती स्वतः एक फेरी मारून बघितली. मग म्हणाले, "म्हणजे पाऊस द्यायला तो सूर्याकडे जातो, आणि हिवाळ्यात आपल्याकडे येतो." याहून सोपं मला तरी सांगता आलं नसतं.

शनिवार, १७ जानेवारी

बाबांना पहाटे जाग येते, त्यामुळे आम्हालाही आली. साडेसहाला आग्नेयेच्या डोंगरावर अमावस्येआधीची बारीक कोर आणि तिच्या पोटात उरलेला चंद्र राखाडी दिसत होता. पृथ्वीवरून परतलेल्या उजेडाने तो काळा भाग उजळतो. दहा मिनिटांत कोर फटफटीत झाली आणि आजींची हाक आली, चहा झाला म्हणून.

दिवसाचा कार्यक्रम मुद्दाम हलका ठेवला होता. रात्र जागायची तर दुपारी झोप हवी, हे लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असताना विसरू नका. सांदण दरी, रतनगड हे सगळं दुसऱ्या सहलीसाठी. आम्ही घाटघरवरून साम्रदमार्गे वळसा घालून रतनवाडीला गेलो. घाटघरच्या कड्यावरून खाली कोकण धुरकट दिसत होतं. संध्याकाळनंतर त्याच बाजूला नारिंगी झाक येते, मुंबई-कल्याणच्या दिव्यांची. फोटोत कोकणकडा कितीही आकर्षक दिसला तरी तारे बघायला तिथे जाऊन पश्चिमेकडे तोंड करून बसू नका.

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर हजारेक वर्षांचं मानतात. गावात शिरताना आधी पुष्करणी लागते. चौकोनी, दगडात बांधलेली, भिंतींत देवकोष्ठं आणि त्यात मूर्ती. पाणी हिरवं आणि गार. देवळाच्या भिंतीवर शिखरापर्यंत नक्षी चढत गेली आहे. पूर्वीच्या काळी रात्री या अंगणात बसलेल्या माणसाच्या डोक्यावर आकाशगंगा असणारच, त्यासाठी त्याला ठाण्याहून येऊन दिवे बंद करवून घ्यावे लागत नव्हते. प्रवरा याच डोंगरात उगम पावते आणि खाली धरणात येते. १९१० ते १९२६ या काळात बांधलेलं हे धरण, विल्सन बंधारा. परतीच्या वाटेवर मुतखेलच्या बाजूने पाणी दिसत राहतं.

दुपारी गाढ झोपलो. चारला उठून बघते तर यजमान अंगणात बसून तेलाचा पंधरा लिटरचा रिकामा डबा पत्र्याच्या कातरीने कापत होते. एक बाजू उभी कापून त्यांनी ती बाहेर वळवली, धारदार कडा हातोडीने आत मुडपल्या, वर भोक पाडून तार ओवली आणि ते शेड त्या फोकसवर उलटं टांगलं. संध्याकाळी दिवा लावून दाखवला. उजेडाचा गोल फक्त पायवाटेवर पडत होता, तंबूपासून संडासापर्यंत. दहा पावलांवर उभं राहिलं तर दिवा डोळ्यांना दिसतच नव्हता. म्हणाले, "बायामाणसांना रातचं जायला उजेड पायजेच ताई, पर तो वर कशाला जायला पायजे?"

मी हे मुद्दाम लिहितेय. दिव्यांच्या प्रदूषणावर बोलताना लोकांना वाटतं की आम्ही सगळे दिवे बंद करायला सांगतोय. तसं नाही. दिव्याला टोपी घाला, तोंड खाली करा, हवा तेवढाच उजेड ठेवा आणि निळसर पांढऱ्याऐवजी पिवळसर बल्ब लावा. सोसायट्यांत आणि शेतघरांवर वर तोंड करून लावलेले फोकस बघितले की आता मला तो डबा आठवेल. तुम्ही ज्यांच्याकडे उतराल त्यांना फोन करताना 'जेवण काय' याच्याबरोबर 'रात्री दिवे बंद होतील का' हेही विचारा. दहा-पंधरा पाहुण्यांनी विचारलं तर दिवे आपोआप बदलतील.

रात्रीसाठी आजींनी हुलग्याची शेंगोळी केली. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं वाटून घट्ट मळलेलं. त्याची लहान गोळी तळहातांत घेऊन त्या दोन्ही हात एकमेकांवर फिरवत, बोटाएवढी लांब वळी झाली की टोकाला टोक दाबून कडं करत. लेकीला बसवून शिकवलं. तिची कडी जाड झाली, आजी म्हणाल्या, "असू दे, ती तुझी तूच ओळखून खा." चुलीवर लसणाच्या फोडणीचं पाणी खळखळत होतं, त्यात ती सोडली. वाफाळतं शेंगोळं भुरकून खाल्ल्यावर थंडीचं निम्मं काम झालं. रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो आणि आपण हलत नसतो, त्यामुळे तो आणखी कमी वाटतो. दोन पातळ स्वेटर एका जाड जॅकेटपेक्षा बरे. पायमोजे कोरडे ठेवलेले, जास्तीचे.

शनिवारी शेजारच्या कॅम्पवर गर्दी वाढलेली होती, म्हणून यजमान आम्हाला दहा मिनिटांवरच्या त्यांच्या खाचरात घेऊन गेले. मध्ये एक टेकाड येतं, त्यामुळे काठावरचा एकही दिवा दिसत नाही. भाताची धसकटं पायाला टोचत होती. त्यांनी आधीच पेंढा पसरून ठेवला होता, त्यावर सतरंजी. खालून थंडी येत नाही आणि दवही कमी लागतं. या भागात बिबट्याचा वावर आहे. अनोळखी रानात एकट्याने जाऊन बसू नका, गावातलं माणूस सोबत घ्या आणि त्याला त्याच्या रात्रीचे पैसे द्या.

साडेसातनंतर पूर्ण अंधार पडला. पश्चिमेला शनी, पिवळट आणि शांत. वायव्येला शर्मिष्ठेचे पाच तारे आणि तिच्या वर-डावीकडे देवयानी. तिथे एक पुसट धुरकट ठिपका आहे हे मला वाचून माहीत होतं. सरळ बघितलं तर काही नाही. नवरा म्हणाला, थोडं बाजूला बघ. नजरेच्या मधोमध मंद उजेड पकडणाऱ्या पेशी जवळपास नसतात, त्या कडेला असतात, म्हणून तिरक्या नजरेने पुसट गोष्टी उठून दिसतात. मी शेजारच्या ताऱ्याकडे बघत राहिले आणि तो ठिपका आला. देवयानी दीर्घिका (म्हणजे गॅलेक्सी), सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर, आपल्या आकाशगंगेहून मोठी. नुसत्या डोळ्यांनी सहज दिसणारी ही सगळ्यात लांबची गोष्ट. लेकीने तो दिसताच माझा दंड घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग डोक्यावर कृत्तिका. घरून चार-पाच तारे दिसतात. इथे सहा-सात सुटे, आणि बायनॉक्युलर लावलं तर डझनावारी निळसर तारे. मृगातल्या बाणाच्या भागात दुर्बीण रोखली की करड्या ढगाचा लहानसा झोत दिसतो, तो मृगातला तेजोमेघ. तिथे नवे तारे जन्मतात, अंतर साधारण १३०० प्रकाशवर्षं. हरणाचा एक तारा तांबडा आहे, काक्षी. २०१९ च्या अखेरीला तो एकदम मंदावला होता, तेव्हा त्याचा स्फोट होणार म्हणून चर्चा होती. पुढे कळलं की त्याने बाहेर टाकलेल्या धुळीने त्याला झाकलं होतं.

गुरू या महिन्यात ऐन तेजात आहे. १० जानेवारीला तो सूर्याच्या बरोबर समोर होता. पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ पांढरा, न लुकलुकणारा. बाबांना सांगितलं, हे पुनर्वसू. म्हणाले, "म्हणजे तरणा पाऊस! आणि पलीकडे म्हातारा कुठाय?" म्हातारा म्हणजे पुष्य. त्याचे तारे मंद आहेत, ते आम्ही बायनॉक्युलरने शोधून दाखवले. पावसाची यादी, रोहिणीपासून मघेपर्यंत, त्या रात्री पूर्वेकडून क्रमाने वर येत गेली आणि बाबा एकेकाच्या तारखा सांगत गेले. बायनॉक्युलर यजमानांच्या खांद्यावर टेकवून स्थिर केलं तर गुरूच्या कडेला बारीक ठिपके दिसले, त्याचे चंद्र. गॅलिलिओने ते ७ जानेवारी १६१० ला पहिल्यांदा नोंदवले, तेही अशाच जानेवारीत.

आणि आकाशगंगा. शर्मिष्ठेपासून सारथीतून, मृग आणि पुनर्वसूच्या मधून, खाली दक्षिणेकडे उतरणारा फिकट पट्टा. लेकीची थोडी निराशा झाली, कारण फोटोतली आकाशगंगा वेगळी असते. तिला सांगितलं ते इथेही सांगते. जानेवारीच्या रात्री आपण आपल्या दीर्घिकेच्या बाहेरच्या अंगाला बघत असतो, म्हणून पट्टा मंद. फोटोत दिसतो तो धनु राशीतला केंद्राकडचा भाग, आणि तो आता सूर्याच्या बाजूला आहे. शिवाय कॅमेरा अनेक सेकंद उजेड साठवतो, डोळा साठवत नाही. हे आधी ठाऊक असलं की हा फिकट पट्टासुद्धा मन लावून बघता येतो.

अकरानंतर दक्षिणेला, रतनगडाच्या बऱ्याच वर, अगस्त्य सगळ्यात उंच आला. व्याधानंतरचा दुसरा तेजस्वी तारा. युरोपच्या मोठ्या भागातून तो कधीच दिसत नाही, दिल्लीत क्षितिजालगत राहतो. यजमान म्हणाले, "अगस्ती तर आमचाच. आश्रम अकोल्याला, आमच्या तालुक्याच्या गावाला, याच नदीवर." प्रवरेच्या उगमाशी बसून अगस्तीचा तारा बघतोय हे मला तोवर सुचलंच नव्हतं. तेव्हाच रविवारचा बेत बदलला.

थोड्या वेळाने आजी हातात कंदील घेऊन चहा द्यायला आल्या, कंदिलाची काच पदराने झाकलेली. ईशान्येला सप्तर्षी पूर्ण वर आले होते. त्या म्हणाल्या, "ते बघ खाटलं. चार पाय खाटेचे, आन् तीन चोर मागं." आमच्याकडे ऋषी, त्यांच्याकडे चोर. लेकीला चोर जास्त आवडले.

रविवार, १८ जानेवारी

पाचला गजर लावून पुन्हा खाचरात. बाबांना झोपू दिलं होतं, पण ते आमच्या आधी तयार. या वेळी डोळे फक्त दक्षिणेला. सव्वापाचच्या सुमारास रतनगडाच्या धारेवर चार तारे उभे होते, पतंगाच्या आकाराचे. त्रिशंकू. आपल्या अक्षांशावरून तो क्षितिजापासून जेमतेम दहा अंशांवर चढतो, म्हणजे हात लांब करून मूठ धरली तर तेवढी उंची. शहरात धूर आणि दिवे नेमकी तीच पट्टी खातात. त्याच्या डावीकडे, आणखी वर, बायनॉक्युलरमधून एक गोल पुसट गोळा दिसला, ओमेगा सेंटॉरी. आपल्या दीर्घिकेतला सगळ्यात मोठा गोलाकार तारकागुच्छ, सुमारे एक कोटी तारे. आग्नेयेला वृश्चिक वर येत होता, मध्ये तांबडी ज्येष्ठा. सहाच्या सुमारास आकाश फिकट होऊ लागलं.

नाश्त्याला तांदळाची भाकरी आणि लोणी. निघताना यजमानांनी सांगितलं की शेजारच्या कॅम्पवाल्याने डब्याबद्दल विचारलंय, त्यालाही एक कापून देतो.

राजूरमार्गे अकोल्याला गेलो. प्रवरेकाठचा अगस्ती आश्रम, अमावस्या असल्याने बरीच माणसं होती. विंध्य ओलांडून दक्षिणेत आलेला, समुद्र प्यालेला ऋषी, असं आपण ऐकलेलं असतं. पावसाळा सरताना पहाटे अगस्त्य दिसू लागला की नद्यांचं गढूळ पाणी निवळतं, असं जुनी माणसं म्हणत. बाबांनी नदीकाठी बसून लेकीला हे सांगितलं आणि येत्या पावसाळ्याच्या शेवटी पहाटे उठून तो शोधायचा असं दोघांचं ठरलं. हा फेरा घेतला तर घरी पोहोचायला रात्र होते, ते धरून चला.

ज्यांना फोटोतली आकाशगंगा बघायची आहे त्यांच्यासाठी शेवटचं. पुढची सोयीची अमावस्या १७ एप्रिल २०२६, शुक्रवार. त्या रात्री साडेअकराच्या पुढे केंद्राकडचा भाग आग्नेयेला वर येऊ लागेल आणि तीन-चारला दक्षिणेत उंच असेल, म्हणजे याच काठावरून थेट पाण्यावर. मे लागला की ढग सुरू होतात, त्यामुळे मार्च-एप्रिलच बरा. काजव्यांची गर्दीही तोवर नसते. यजमानांना आम्ही आत्ताच सांगून ठेवलंय, आणि त्यांनी खाचरातला पेंढा राखून ठेवायचं कबूल केलंय.